सगळे व्हिडिओ आपल्याला हव्या त्याच प्लेयरमध्ये कसे उघडायचे?

वळीव | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा साधा आहे, पण त्यावरून घरात रोज कुरबुर होतेय म्हणून इथे टाकते.

बाबांकडे (वय ७४, मुक्काम सातारा) दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आहे. त्यात जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी जशाच्या तशा कॉपी केलेल्या आहेत, माझ्या आणि भावाच्या लग्नाच्या डीव्हीडी आहेत, गावच्या सप्ताहातली कीर्तनं आहेत आणि भाऊ आयफोनवर काढून पाठवतो ते नातवंडांचे व्हिडिओ आहेत. लॅपटॉप विंडोज ११. त्यावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर टाकून दिलाय आणि बाबांचा हात त्यावरच बसलाय. स्पेसबारने थांबवायचं, बाणाने मागेपुढे जायचं. पण फाइलवर डबल क्लिक केलं की लॅपटॉपचा मूळचाच प्लेयर उघडतो. नातवाच्या व्हिडिओला म्हणतो अमुक कोडेक (व्हिडिओ उलगडणारा जोडप्रोग्राम) विकत घ्या. नाटकाच्या फाइलला विचारतो, ही कशाने उघडू? आणि लग्नाच्या डीव्हीडीचे तर तुकडेच तुकडे. मंगलाष्टकं एका फाइलमध्ये सुरू होतात आणि 'सावधान' दुसरीत.

शिवाय टीव्हीला अँड्रॉइडचा डबा आहे. त्याला डिस्क लावली की त्याचा स्वतःचा प्लेयर चालू होतो. चित्र दिसतं, कधीकधी आवाजच येत नाही.

मला एवढंच हवंय: काहीही दाबा, व्हीएलसीतच उघडलं पाहिजे. कायमचं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टेबलफॅन | शुक्रवार, रात्री ९:२०

राइट क्लिक → ओपन विथ → चूज अनदर ॲप → व्हीएलसी → खाली 'ऑलवेज' दाबा. धागा कुलूपबंद करायला हरकत नाही. :)

वळीव | शुक्रवार, रात्री ९:२६

ते केलंय हो. एमपी४ ला लागू झालं. एमओव्हीला (आयफोनचे व्हिडिओ) नाही, व्हीओबीला (डीव्हीडीचे तुकडे) नाही. प्रत्येक वेळी बाबा फोन करतात, 'अगं, परत ते निळं आलं.'

गणपुले मास्तर | शुक्रवार, रात्री ९:३१

व्हॉट्सॲपवर पाठवा सगळं. आपोआप लहान होतं, आपोआप उघडतं, आणि नात्यातल्या सगळ्यांना दोनदोनदा येतं.

(दिवे घ्या.)

बिटबहाद्दर | शुक्रवार, रात्री १०:०५

'व्हिडिओ' असा एक सरसकट प्रकार विंडोजला माहीतच नाही. त्याला कळतं ते फाइलच्या नावाचं शेपूट. .एमपी४, .एमओव्ही, .एमकेव्ही, .व्हीओबी, .एव्हीआय, प्रत्येकाची नोंद वेगळी. म्हणून टेबलफॅन यांचा उपाय बरोबर असला तरी तो एका वेळी एकाच शेपटाला लागतो.

पूर्वी असं नव्हतं. प्लेयर इन्स्टॉल होतानाच सगळी शेपटं आपल्या नावावर करून घ्यायचा. विनॲम्प, रिअलप्लेयर आणि विंडोज मीडिया प्लेयर एकाच मशीनवर असले की जो शेवटी इन्स्टॉल झाला त्याचं राज्य. दुसरा उघडला की तो तक्रार करायचा, 'मी आता तुमचा मुख्य प्लेयर नाही, परत करू का?' विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ साली, ही पळवापळवी बंद केली. निवड माणसानेच करायची. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, एका पडताळणीच्या खुणेसकट लिहिली जाते. दुसऱ्या प्रोग्रामने परस्पर बदल केला की खूण जुळत नाही आणि विंडोज ती निवड मोडीत काढतं. त्यामुळे 'एका क्लिकमध्ये सगळं बदलून देतो' म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रामांच्या नादी लागू नका.

उपाय असा: सेटिंग्ज → ॲप्स → डीफॉल्ट ॲप्स. तिथे यादीत व्हीएलसी शोधून त्यावर क्लिक करा. व्हीएलसी जी जी शेपटं उघडू शकतं त्यांची लांबलचक यादी येईल. सगळी बदलत बसू नका. बाबांच्या डिस्कमध्ये जी आहेत तेवढीच करा: एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय, व्हीओबी, एमपीजी, थ्रीजीपी. कंटाळवाणं आहे, पण चहा होईपर्यंत संपतं.

आयफोनचं प्रकरण वेगळं. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एचईव्हीसी नावाच्या, व्हिडिओ जास्त दाबून ठेवणाऱ्या पद्धतीने साठवतो. तो वाचायला विंडोजला वेगळं एक्स्टेंशन लागतं आणि ते स्टोअरमध्ये विकत मिळतं. व्हीएलसीच्या पोटात त्याचा डीकोडर (उलगडणारा भाग) आधीपासून आहे. म्हणजे एमओव्ही व्हीएलसीला जोडलं की पैसे मागणं बंद. नाहीतर भावाला सांगा: सेटिंग्ज → कॅमेरा → फॉरमॅट्स → मोस्ट कंपॅटिबल.

टेबलफॅन | शुक्रवार, रात्री १०:११

बरं, कुलूप काढतो.

चिवडाप्रेमी | शुक्रवार, रात्री १०:४०

मी उलट सांगेन. प्लेयरच्या मागे लागूच नका, फाइली बदला. हँडब्रेक नावाचा प्रोग्राम टाका, सगळं एमपी४ करून टाका. एकदाच काय तो त्रास. मग लॅपटॉप, टीव्ही, फोन, शेजाऱ्यांचा टीव्ही, कुठेही चालेल. आपण गेल्यावर पोरांनी कुठे शोधायचा व्हीएलसी?

दापोलीचा दगड | शनिवार, सकाळी ७:१५

@चिवडाप्रेमी, सपशेल असहमत.

व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एमपीईजी-१, सेकंदाला साधारण साडेअकराशे किलोबिट. त्यात रंगमंचावर अंधार झाला की नट दिसत नाही, चौकोन दिसतात. ते परत दाबून एमपी४ करायचं म्हणजे जे थोडंफार उरलंय त्यावर अजून एक रंधा. जागा वाचेल म्हणाल तर एका व्हीसीडीत किती मावतं? चौऱ्याहत्तर मिनिटं. नाटक दोन किंवा तीन डिस्कवर यायचं, दोन टेराबाइटच्या डिस्कला त्याचं काय ओझं?

लग्नाच्या डीव्हीडीचंही तेच. चित्र इंटरलेस्ड असतं. एका चौकटीतल्या सम ओळी आधी, विषम नंतर. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसचं बटण नीट लावलं नाही तर वऱ्हाडी नाचताना त्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात, आणि ते कायमचे फाइलमध्ये बसतात. व्हीएलसीत मूळ फाइल लावली आणि दाते दिसले तर डी दाबा, जातात. उद्या त्याहून चांगली पद्धत आली तरी मूळ फाइल शाबूत आहे.

मूळ ठेवा. दाखवणारा बदला.

चिवडाप्रेमी | शनिवार, सकाळी ८:०२

तुमचं बरोबर असेल, पण ७४ वर्षांच्या माणसाला सम-विषम ओळींशी काय करायचंय? त्यांना सून दिसली पाहिजे. मूळ डिस्क कपाटात ठेवा आणि बघायला एमपी४ द्या, दोन्ही साधतं.

म्हापशेकार | शनिवार, सकाळी ९:४८

नाटकांच्या व्हीसीडीवरून आठवलं. आमच्या घरी मामाने जमवलेल्या तियात्रांच्या (गोव्यातली कोंकणी नाटकं) व्हीसीडी आहेत, तीच गत. वळीवताई, तुमच्या नाटकाच्या फाइलचं नाव बघा. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये असणार आणि शेपूट .डॅट. बरोबर ना? म्हणून लॅपटॉप गोंधळतो.

वळीव | शनिवार, सकाळी ९:५५

हो हो! सगळ्यांचं नाव एकच, एव्हीएसईक्यू०१.डॅट. फोल्डरच्या नावावरून नाटक ओळखायचं. मग .डॅटला पण व्हीएलसी जोडून टाकू?

बिटबहाद्दर | शनिवार, सकाळी १०:२०

नका जोडू! .डॅट म्हणजे नुसता 'डेटा'. शेकडो प्रोग्राम आपलं चिरीमिरी सामान .डॅटमध्ये ठेवतात. आउटलुकवरून आलेल्या मेलला कधीकधी विनमेल.डॅट नावाचं जोडपत्र येतं, त्यालाही व्हीएलसीचं चिन्ह असलेला शंकू चिकटेल. बाबा त्यावर क्लिक करतील आणि काहीच दिसणार नाही.

त्यापेक्षा नावच बदला. एव्हीएसईक्यू०१.डॅट चं 'नाटकाचं नाव भाग १.एमपीजी' करा. आतलं काही बदलत नाही, व्हीएलसी सरळ वाजवतं. डबल क्लिकही चालेल आणि फोल्डरवरून नाटक ओळखायचा खेळही संपेल. शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू → शो → फाइल नेम एक्स्टेंशन्स चालू करा. ते एरवीही चालूच ठेवा.

शंकासुर_०७ | शनिवार, सकाळी १०:३४

शेपूट दिसतं ठेवा याला +१००. 'लग्नाचा व्हिडिओ.एमपी४.ईएक्सई' अशी फाइल (म्हणजे खरं तर प्रोग्राम) शेपूट लपलेलं असताना 'लग्नाचा व्हिडिओ.एमपी४' अशीच दिसते. फोनवर तर सध्या लग्नपत्रिकेच्या नावाने .एपीके पाठवतात. पत्रिका म्हणून उघडायला गेलात की ॲप इन्स्टॉल होतं आणि ते ओटीपी वाचत बसतं. २०२४ मध्ये पोलिसांनी यावर इशारेही काढले होते. ज्येष्ठांना एवढंच सांगा: पत्रिका, फोटो किंवा व्हिडिओ उघडताना फोनने 'इन्स्टॉल' हा शब्द उच्चारला की फोन खाली ठेवायचा.

चाळीतला सेक्रेटरी | शनिवार, सकाळी ११:१०

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमधून (चित्रण साठवणारं यंत्र) क्लिप काढली की .डीएव्ही फाइल येते. कुणाची स्कूटर कुणी पाडली यावरून सभेत महाभारत चालू आहे आणि ती क्लिप कुणाच्याच लॅपटॉपवर उघडत नाही. व्हीएलसीत कधी चालते, कधी नुसत्या हिरव्या पट्ट्या. काय करावं?

बिटबहाद्दर | शनिवार, सकाळी ११:२५

बहुतेक डीव्हीआरवाले क्लिप एक्सपोर्ट करताना स्वतःचा छोटा प्लेयर सोबत देतात. पेनड्राइव्हवर बघा, क्लिपच्या शेजारीच असेल. किंवा डीव्हीआरच्या बॅकअप मेन्यूत फॉरमॅट विचारतो, तिथे एमपी४ किंवा एव्हीआय मिळतंय का पाहा.

वकिलीण | शनिवार, दुपारी १२:४०

@चाळीतला सेक्रेटरी, सभेत दाखवायला काहीही करा. प्रकरण पोलिसात जाणार असेल तर मूळ .डीएव्ही फाइलला हात लावू नका. तिची नक्कल करून नकलेवर प्रयोग करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) लिहावी लागते. एमपी४ करून दिलेल्या फाइलची हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही, आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

चाळीतला सेक्रेटरी | शनिवार, दुपारी १२:५२

स्कूटरचा आरसा अडीचशे रुपयांचा आहे हो मॅडम. पण समोरचा माणूस बघता जाईल तो पोलिसात. नक्कल करून ठेवतो.

मिशिगनची माहेरवाशीण | शनिवार, संध्याकाळी ७:३०

लग्नाच्या डीव्हीडीचा त्रास इथे अमेरिकेत आम्हाला दुप्पट. भारतात केलेली डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटी. इथले बरेच जुने डीव्हीडी प्लेयर इथल्या एनटीएससी पद्धतीशिवाय काही ओळखत नाहीत. विकत आणलेल्या नाटकांच्या डीव्हीडींवर कधीकधी विभागाचा आकडाही असतो. भारत ५, अमेरिका १. सासूबाईंनी बॅग भरून आणलेल्या डीव्हीडी दिवाणखान्यातल्या प्लेयरने एकेक करून बाहेर काढून दिल्या. संगणकात घालून व्हीएलसीत लावल्या तेव्हा कुठे संध्याकाळ सत्कारणी लागली.

वळीव, तुकड्यांचं सांगते. ते तुकडे स्टुडिओवाल्याने केलेले नाहीत. डीव्हीडीत एका व्हीओबी फाइलला एक गिगाबाइटची मर्यादाच असते, म्हणून मंगलाष्टकांच्या मध्येच फाइल बदलते. तुकड्यांवर क्लिक करूच नका. व्हीएलसीत मीडिया → ओपन डिस्क → डीव्हीडी, मग ब्राउझ करून व्हिडिओ_टीएस हे पूर्ण फोल्डर द्या. मेन्यूसकट, फुलांच्या चौकटीसकट, सनईसकट अख्खी डीव्हीडी सलग चालते.

वळीव | शनिवार, रात्री ८:०५

हे भारी आहे, वाखु (वाचनखूण) साठवली. पण मीडिया-ओपन-ब्राउझ हे बाबांना जमणार नाही. त्यांना डबल क्लिकच हवं.

दापोलीचा दगड | शनिवार, रात्री ८:४०

मग यादी करा. व्हीओबी तुकडे क्रमाने निवडून व्हीएलसीत टाका. ज्याच्या नावात शेवटी _० आहे तो मेन्यूचा, तो वगळा. मग कंट्रोल-वाय दाबा आणि 'वळीवचं लग्न' नावाने यादी सेव्ह करा. ती छोटी फाइल डेस्कटॉपवर ठेवा. तिच्यावर डबल क्लिक केलं की सगळे तुकडे पाठोपाठ. जोडावर क्षणभर अडखळेल, तेवढं चालवून घ्या. आणि डिस्कला दर वेळी तेच अक्षर मिळेल असं बघा. आज ई उद्या एफ झालं तर यादीला फाइली सापडणार नाहीत.

अडखळणंही नको असेल तर मेकएमकेव्ही. ते व्हिडिओ_टीएस फोल्डर घेऊन एक एमकेव्ही बनवतं. चित्राला हात लावत नाही, फक्त वेष्टण बदलतं. चिवडाप्रेमींना एक फाइल मिळाली, मला मूळ चित्र मिळालं. तह झाला म्हणायचा.

चिवडाप्रेमी | शनिवार, रात्री ८:५५

तह मान्य. चिवडा कुठे पाठवू?

पेंग्विनराव | शनिवार, रात्री १०:१५

विंडोज काढून लिनक्स टाका, प्रश्नच मिटेल. तिथे फाइलचा प्रकार नुसत्या शेपटावरून ठरत नाही, शेपटाने कळलं नाही तर आतले सुरुवातीचे बाइट बघूनही ठरतो. निवड माइमॲप्स.लिस्ट नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. एक ओळ लिहा, विषय संपला. कुठल्या अपडेटची तिला हात लावायची टाप नाही.

गणपुले मास्तर | शनिवार, रात्री १०:१८

आले! घड्याळ लावून बसलो होतो.

सफरचंदवाडी | शनिवार, रात्री १०:३३

मॅकवाल्यांसाठी नोंद: फाइलवर कमांड-आय → ओपन विथ → प्लेयर निवडा → 'चेंज ऑल'. शेवटचं बटण दाबायचं राहिलं तर फक्त त्या एका फाइलपुरतं होतं. क्विकटाइम एमकेव्ही उघडत नाही, त्यासाठी व्हीएलसी किंवा आयना. आयना दिसायला जास्त देखणं आहे, आत एमपीव्ही या दुसऱ्या प्लेयरचं इंजिन आहे.

कोरियन भक्त | शनिवार, रात्री १०:५०

सगळे व्हीएलसी व्हीएलसी काय करताय? पॉटप्लेयर वापरून बघा. जुन्या मशीनवर एमपीसी-एचसी. २०१७ मध्ये मूळ मंडळींनी थांबवलं होतं, पण दुसऱ्याने पुढे चालू ठेवलंय आणि के-लाइट या कोडेकच्या संचासोबत आजही मिळतं. व्हीएलसीचा चेहरा विसाव्या शतकातला आहे.

बिटबहाद्दर | शनिवार, रात्री ११:०५

चेहरा म्हणाल तर जन्मच विसाव्या शतकातला. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी कॉलेजात पोरांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघायला मिळावा म्हणून सुरू केलेला प्रकल्प. २००१ पासून मुक्त स्रोत. तो शंकू म्हणजे रस्त्यावरचा वाहतुकीचा शंकू. कॉलेजातल्या नेटवर्कवाल्या पोरांनी असले शंकू जमवले होते, तेच चिन्ह झालं.

२०२२ मध्ये आपल्याकडे व्हीएलसीची अधिकृत साइट कित्येक महिने बंद होती, आठवतंय? व्हीएलसीवाल्यांनी कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरात उघडली. त्या काळात लोकांनी भलत्याच साइटवरून 'व्हीएलसी' उतरवून घेतलं. कुणाच्या मशीनवर तेव्हाचं असेल तर काढा आणि व्हिडिओलॅनच्या, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्यांच्या, साइटवरून नवीन घ्या.

खिडकीतली चिमणी | रविवार, सकाळी ९:२०

टीव्हीच्या डब्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

अँड्रॉइडमध्ये फाइल दाबली की 'कशाने उघडू' विचारतं आणि खाली 'फक्त एकदा' आणि 'नेहमी'. कधीतरी डब्याच्या प्लेयरवर 'नेहमी' दाबलं गेलं असेल तर ते परत विचारत नाही. सेटिंग्ज → ॲप्स → तो प्लेयर → ओपन बाय डीफॉल्ट → क्लिअर. मग परत फाइल दाबा, विचारेल, व्हीएलसी आणि 'नेहमी'.

आवाजाचं कारण बहुधा डॉल्बी. डीव्हीडीचा आवाज बऱ्याचदा एसी३ या डॉल्बीच्या पद्धतीचा असतो आणि ज्या डब्याने त्याचा परवाना घेतलेला नाही तो चित्र दाखवतो नि आवाज गिळतो. व्हीएलसी तो स्वतः उलगडतं. मात्र व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पासथ्रू' बंद ठेवा. ते चालू असलं की आवाज न उलगडताच टीव्हीकडे जातो, आणि टीव्हीला तो कळला नाही तर पुन्हा शांतता.

उशिरा आलेला | रविवार, सकाळी ११:४५

खिडकीतली चिमणी यांचं बरोबर आहे, पण एक गोम सांगतो. बाहेरचा प्लेयर हट्टाने लावणाऱ्यांच्या ती उशिरा लक्षात येते.

एक ॲप दुसऱ्या ॲपला फाइल उघडायला देतं तेव्हा नक्की काय देतं? फक्त ती फाइल. फोल्डर नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फाइलचा सरळ पत्ता देणंच बंद झालं. आता एक तात्पुरता परवाना मिळतो, तो त्या एका फाइलपुरता. परिणाम असा: शेजारी त्याच नावाची .एसआरटी (सबटायटलची फाइल) ठेवलेली असते, पण व्हीएलसीला ती दिसत नाही, त्यामुळे सबटायटल गायब. भाग १ संपला की भाग २ आपोआप लागत नाही, कारण भाग २ आहे हेच त्याला माहीत नाही. आणि कुठे थांबलो होतो हे मूळ ॲपला कळत नाही.

घरी 'कोडी' नावाचं व्हिडिओ बघायचं ॲप वापरता येतं. त्यात प्लेयरकोअरफॅक्टरी नावाची एक्सएमएल फाइल यूजरडेटा फोल्डरमध्ये ठेवली की अमुक शेपूट बाहेरच्या प्लेयरला द्यायचं, बाकी कोडीतच, असे नियम लिहिता येतात. किती सेकंद चाललं की 'पाहिलं' अशी खूण करायची तेही त्यातच. पण बाहेर दिलं की चाळिसाव्या मिनिटाला थांबवलेलं नाटक चाळिसाव्या मिनिटालाच लागेल याची खात्री गेली. जेलीफिनसारखी, घरचे व्हिडिओ दाखवणारी ॲप यातून थोडी वाट काढतात. एमएक्स प्लेयर आणि व्हीएलसी दोघांनीही फाइलसोबत सबटायटलचा पत्ता, सुरुवातीची वेळ वगैरे स्वीकारायची सोय ठेवली आहे. देणाऱ्याने पाठवलं तर घेतात. डब्याचं साधं फाइल मॅनेजर यातलं काही पाठवत नाही.

म्हणून टीव्हीवर माझं मत उलटं आहे. फाइल मॅनेजरमधून व्हीएलसीत जाऊच नका. आधी व्हीएलसी उघडा आणि त्याच्या आतूनच डिस्क ब्राउझ करा. मग फोल्डर दिसतं, सबटायटल सापडतं, पुढचा भाग लागतो. रिमोटच्या पहिल्या पडद्यावर व्हीएलसीचं चित्र पहिलं आणून ठेवा. बाबांना शिकवायची गोष्ट एकच, शंकू दाबा.

खिडकीतली चिमणी | रविवार, दुपारी १२:०२

पटलं. सबटायटलचं कोडं आज उलगडलं. धन्यवाद.

म्हापशेकार | रविवार, दुपारी १२:३०

देवनागरी सबटायटलवाल्यांनो, फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी सांभाळणारी अक्षरपद्धत) सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. आणि व्हीएलसी ३ च्या आधीचं असेल तर 'ज्ञानेश्वर' मधला ज्ञ फुटून जातो, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. नवीन घ्या.

वळीव | बुधवार, रात्री ९:४०

मंडळी, सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार साताऱ्याला जाऊन आले.

शेपटं बिटबहाद्दरांच्या यादीप्रमाणे लावली. .डॅटची नावं बाबांनी स्वतः बदलली. मी नुसतं एक करून दाखवलं, मग चष्मा लावून बसले आणि प्रत्येक नाटकापुढे कलाकारांची नावंही घातली. एक नाव फाइलला झेपेना इतकं लांब झालं. लग्नाची यादी डेस्कटॉपवर आहे. टीव्हीवर 'शंकू दाबा' लागू पडलं, आवाजही आला.

आता नवीन तक्रार. कीर्तनांच्या एमपी३ पण मी व्हीएलसीला जोडल्या. कीर्तन लागतं, पण पडद्यावर मोठा शंकू आणि बाकी काळोख. बाबा म्हणतात, बुवा बोलतायत आणि समोर रस्ता बंद. दुसरं म्हणजे, मधूनच थांबवलं की परत सुरुवातीपासून.

बिटबहाद्दर | बुधवार, रात्री १०:००

एमपी३ चं शेपूट व्हीएलसीकडून काढून घ्या आणि लॅपटॉपच्या मूळ मीडिया प्लेयरला परत द्या. ऐकण्यासाठी तो झकास आहे. सगळं एकालाच द्यायला हवं असं थोडंच आहे?

व्हीएलसीतच ठेवायचं असेल तर टूल्स → प्रेफरन्सेस → इंटरफेसमध्ये 'कंटिन्यू प्लेबॅक' हे 'ऑलवेज' करा. डीफॉल्टला ते वर एक बारीक पट्टी दाखवून विचारतं आणि ती काही सेकंदांत निघून जाते. बाबांना दिसली नसेल. तिथेच 'एकच खिडकी वापरा' अशा अर्थाचा पर्यायही आहे, तोही लावा. नाहीतर दोनदा डबल क्लिक झालं की दोन बुवा एकदम बोलतात.

वळीव | बुधवार, रात्री १०:०६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). दोन बुवा आधीच होऊन गेलेत, आई स्वयंपाकघरातून ओरडली होती. फोनवर सांगून करवून घेते.

शंकासुर_०७ | बुधवार, रात्री १०:१५

विंडोजचं मोठं अपडेट आलं की डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर एक चक्कर मारा. कधीकधी 'ॲप डीफॉल्ट रीसेट केलं' अशी सूचना कोपऱ्यात येऊन जाते आणि एखादं शेपूट जुन्या मालकाकडे परत गेलेलं असतं.

चाळीतला सेक्रेटरी | गुरुवार, सकाळी ८:२०

डीव्हीआरच्या मेन्यूत एव्हीआय होतं. क्लिप उघडली. स्कूटर मांजराने पाडली आहे. मांजर कुणाचं यावर वेगळा धागा काढतो.